बरं न होणारं तोंड आणि पाठीवरचे फोड : पुण्यातल्या त्वचारोग वॉर्डात कोण दिसतं?

तुम्ही विचारलंय की आईचं वय 46, चार महिने तोंड आलेलं, आता पाठीवर पाण्याचे फोड आलेत. डॉक्टरांनी पेम्फिगसची शंका घेतलीय, पण वाचायला गेलं की असे फोड सत्तरीपुढच्या माणसांना येतात असं सापडतं. मग इथल्या रुग्णालयांत नक्की कोणाला हा आजार दिसतो?

मी पुण्यात त्वचारोग विभागात काम करते. तुम्ही वाचलंत ते चूक नाही, पण ते युरोपाचं चित्र आहे. तिकडे बुलस पेम्फिगॉइड जास्त, आणि तो उतारवयातला आजार. आपल्याकडे पेम्फिगस व्हल्गॅरिस जास्त. आमच्या वॉर्डात त्याचे रुग्ण बहुतेक तिशी ते पन्नाशीतले, घर चालवणारे. तुमच्या आईच्या वयाचे.

दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते. पेम्फिगसमध्ये पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर हल्ला होतो. त्वचा वरच्या थरातच सुटते, फोड लेचापेचा असतो आणि लगेच फुटतो, म्हणून पुष्कळदा फोड दिसतच नाही, नुसती ओली जखम दिसते. पेम्फिगॉइडमध्ये त्वचा खालच्या थरापासून सुटते. फोड टणक, दिवसचे दिवस टिकणारा, आणि त्याआधी कित्येक आठवडे नुसती खाज. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गोळ्यांचा, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिनचा, पेम्फिगॉइडशी संबंध दिसलाय, म्हणून घरातल्या आजी-आजोबांना असे फोड आले तर गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. अर्थात वॉर्डात येतात ते जास्त बिघडलेले रुग्ण. खाजेवर मलम लावत घरीच राहिलेले आजोबा आमच्या नोंदीत येतच नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

मला खरी तळमळ आहे ती तोंडाची. निम्म्याहून जास्त रुग्णांत पेम्फिगस तोंडातून सुरू होतो आणि अंगावर फोड यायला कित्येक महिने लागू शकतात. शिरूरकडून आलेल्या एका बाई मला आठवतात. पाच महिने भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. ‘उष्णता वाढली’ म्हणून गुलकंद झाला, बी-कॉम्प्लेक्स झालं, दातांच्या डॉक्टरांकडे दोनदा दात घासून झाले. अंगावर फोड आल्यावर घरच्यांनी नागीण समजून लेप लावला. आमच्याकडे पोहोचल्या तेव्हा पाठ सोललेली होती आणि ताप होता. या आजारात माणूस दगावतो तो बहुतेकदा त्या उघड्या जखमांतल्या जंतुसंसर्गाने. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या तोंडाकडे कुणीतरी वेळीच पाहिलं असतं तर हे टळलं असतं.

तपासणीत त्वचेचे दोन छोटे तुकडे घेतले जातात. एक ताज्या फोडाचा, फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (त्वचेवर उलटलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी), आणि तो फॉर्मलिनमध्ये टाकला की वाया जातो. शिकत असताना माझ्या हातून असं एकदा झालंय. त्या माणसाला पुन्हा टाके घालावे लागले, ते मी विसरलेले नाही. म्हणून निःसंकोच विचारा, “दुसरा तुकडा वेगळ्या द्रावणात ठेवलाय ना?”

उपचार आहेत. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी पल्स थेरपी आणली. दर 28 दिवसांनी तीन दिवस 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सलाइनमधून, त्यातल्या एका दिवशी प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड. आता रिट्युक्सिमॅब हे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची वाढ रोखणारं इंजेक्शन जास्त वापरतात. ते देण्याआधी क्षयरोग आणि कावीळ-बी तपासतात. काहीही दिलं तरी बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करू नका. आमच्याकडे परत दाखल होणाऱ्यांत ही गोष्ट वारंवार निघते.

हा आजार लागट नाही. आईचं ताट-पेला वेगळा काढला असेल तर आजच पुन्हा एकत्र करा. जेवण मऊ, कमी तिखट. आणि पाठीला चादर चिकटत असेल तर केळीची पानं अंथरतात, ती जखमेला धरून बसत नाहीत. मंडईत सहज मिळतात, पण ती निर्जंतुक कशी करायची ते वॉर्डातल्या सिस्टरांना विचारून घ्या.