केळी भावाची ऑनलाइन मेंबरशिप गुगलवर दिसते पण क्लिक होत नाही, त्या दोन ओळींत काय लिहू?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. चोपड्याहून केळीवाल्यांसाठी महिना १४९ रुपयांची सेवा चालवता, रोजचा भाव देता, रोगाचा सल्ला देता, गुगलच्या पहिल्या पानावर दिसताही, पण उघडत कोणी नाही. मी जळगावला छोट्या धंद्यांच्या वेबसाइटचं लिखाण करतो, क्लासेस, डबेवाले, टेस्ट सिरीज, म्हणजे दर महिन्याला पैसे घेणारेच जास्त, म्हणून सांगतो. तुम्ही आता टायटलमधे, म्हणजे गुगलवर दिसणाऱ्या निळ्या ओळीत, टाकलंय "मुख्यपृष्ठ, शेतकऱ्यांच्या प्रगतीचा डिजिटल साथीदार". त्यात खोटं काही नाही, पण हे कोणी विचारलेलंच नाहीये.

शोधणारा माणूस डोळ्यासमोर आणा. उद्या कटाई आहे, व्यापाऱ्याने फोनवर एक भाव सांगितलाय, तो बरोबर आहे की पाडून सांगितलाय हे बघायला तो रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसून मोबाईलवर टाकतो "रावेर केळी भाव आज". त्याला चार-पाच निळ्या ओळी दिसतात आणि तो त्याच्याच शब्दांची ओळ उघडतो, त्यात "केळी" नाही, "भाव" नाही, "रावेर" नाही तर तुम्ही कितीही चांगलं काम करत असाल तरी बोट पुढे सरकतं.

म्हणून आधी सर्च कन्सोल उघडा, ते वेबसाइटवाल्यांसाठी गुगलचंच साधन आहे, फुकट आहे, १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो. लोकांनी नेमकं काय टाइप केलं, तुम्ही किती वेळा दिसलात आणि किती जणांनी उघडलं हे तिथे शब्दागणिक दिसतं. कांदेबाग म्हणजे केळीच्या एका हंगामाची लागवड, ती करणारा कांदेबाग लिहितो, कोणी हिंदीत बुऱ्हाणपूरची मंडी शोधतो, कोणी ळ सापडला नाही म्हणून "केली भाव" लिहितो. जे शब्द खूप वेळा दिसतात पण ज्यावर क्लिक नाही, तेच तुमच्या टायटलचा कच्चा माल आहेत.

मी असं टायटल करीन:

रावेर, चोपडा केळी भाव रोज सकाळी – महिना १४९ रु.

आणि खाली डिस्क्रिप्शन, म्हणजे निळ्या ओळीखालचा बारीक मजकूर:

आजचा केळीचा भाव रोज सकाळी ८ ला व्हॉट्सअॅपवर. पहिले ७ दिवस फुकट, मग महिना १४९ रु. कधीही बंद करा. करप्याचा फोटो पाठवा, सल्ला त्याच दिवशी.

(वेळ आणि ७ दिवस मी धरून चाललोय, तुमचं जे खरं असेल तेच टाका.) क्रम मुद्दाम असा ठेवलाय. टायटल साधारण ५०-६० अक्षरांपर्यंत दिसतं, डिस्क्रिप्शन कॉम्प्युटरवर दीडशेच्या आसपास आणि मोबाईलवर त्याहून कमी, पक्का आकडा नसतो कारण गुगल रुंदी बघून कापतं. म्हणजे कापलं गेलं तर शेवटचं जाणार, मग शेवटी ते ठेवा जे गेलं तरी चालेल. करप्याचा, म्हणजे पानांवरच्या रोगाचा, सल्ला उघडल्यावर कळला तरी चालतो, पैशांचं वाक्य मात्र कापलं जाता कामा नये.

पैशांवर एवढा जोर का देतोय ते सांगतो. धुळ्याच्या एका ऑनलाइन क्लाससाठी मी एकदा लिहिलं होतं, "फक्त ९९ रुपयांत पोलीस भरतीची तयारी". ९९ पहिल्या महिन्याचे होते, पुढे ३९९, आणि ते पुढचं मी जागा नाही म्हणून गाळलं. क्लिक भरपूर आले, पैसेही आले, दुसऱ्या महिन्यात खात्यातून ३९९ कापले गेले आणि फोन सुरू झाले. एका पोराच्या वडिलांचा फोन मीच घेतला, ते रागावले नव्हते, एवढंच विचारत होते, "आते हाई बंद कसं करानं भाऊ?" शेतमजुरी करणारा माणूस होता तो. तेव्हापासून पुढची रक्कम सांगितल्याशिवाय पहिली रक्कम मी कुठेच लिहित नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणू दे.

आता तर नियमही आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइनचे १३ प्रकार जाहीर केले, त्यात सबस्क्रिप्शनमधे अडकवून ठेवणं आणि किंमत आधी लपवून नंतर दाखवणं दोन्ही येतात. आणि तुम्ही ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापणारी सोय, वापरत असाल तर पैसे कापायच्या किमान २४ तास आधी माणसाला मेसेज जातोच, तेव्हा लपवलेलं उघडं पडणारच आहे.

अजून एक, डिस्क्रिप्शन तुम्ही लिहिलं म्हणून गुगल तेच दाखवेल असं नाही, बऱ्याचदा ते पानावरचंच एखादं वाक्य उचलतं. तुमच्या पानावर सुरवातीला "आपले सहर्ष स्वागत आहे" असेल तर तेच उचललं जाण्याची भीती आहे. तर पानाच्या वरच भाव, गावं, रक्कम साध्या वाक्यात लिहून ठेवा, फोटोच्या आत नको. आणि कीवर्डच्या टॅगमधे, म्हणजे पानाच्या कोडमधल्या न दिसणाऱ्या शब्दांच्या यादीत, पन्नास शब्द कोंबायला कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, कोणाला वर दाखवायचं हे ठरवताना गुगल तो टॅग बघत नाही हे त्यांनी २००९ मधेच सांगितलंय.

पुढे गुगलवर पैसे देऊन जाहिरात द्यायची झाली तर तिथे हेडलाइनला ३० अक्षरं आणि डिस्क्रिप्शनला ९० हे पक्कं बंधन आहे, आणि मराठीला ते जास्त टोचतं कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेला हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. "विद्यार्थी" आपल्याला तीन अक्षरं वाटतात, मोजणीत १० होतात. "शेतकऱ्यांसाठी विश्वासार्ह" हे दोनच शब्द स्पेस धरून २५ खातात आणि सांगत काहीच नाहीत, तर "रावेर केळी भाव रोज सकाळी" २४ मधे सगळं सांगून मोकळं. म्हणून जोडाक्षरांचे जड शब्द टाळा, "विनामूल्य" नको "फुकट" लिहा, बांधावर तेच बोलतात. हेडलाइनमधे उद्गारचिन्ह आणि मजकुरात फोन नंबर चालत नाही, जाहिरात नाकारली जाते.

बदल केल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी परत बदलू नका, तीन-चार आठवडे थांबा आणि त्याच शब्दांवरचे क्लिक परत बघा, कटाईचा सीझन असेल तर आकडे तसेही वर जातात तेही धरा. पण या ओळी चढवायच्या आधी एक काम करा, "मेंबरशिप बंद कशी करायची" याचं साध्या मराठीत, यूपीआय अॅपमधे ऑटोपे कुठे असतं त्याच्या स्क्रीनशॉटसकट एक पान बनवा आणि घरातल्या वयस्कर माणसाच्या हातात मोबाईल देऊन त्यांना कोणाला न विचारता बंद करता येतं का ते बघा. आलं, की मग "कधीही बंद करा" लिहा.