९१ हा आकडा आणि काकूंची वही

“ताई, आकडा ९१ च्या वर जातच नाही. रात्री झोपेत तो खाली गेला, तर मला कळणार कसे?” हा प्रश्न घेऊन पासष्टीच्या एक काकू मुलासोबत माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत. चुलीच्या धुरात तीसेक वर्षे स्वयंपाक केलेल्या काकूंना डॉक्टरांनी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे, निदान केले होते आणि श्वासातून औषध घेण्याचा पंप नियमित सुरू होता. त्यांच्या वहीतल्या एका दिवसाच्या पानावर मात्र बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मोजलेल्या, रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीच्या ३८ नोंदी होत्या, त्यांतल्या अकरा मध्यरात्रीनंतरच्या.

ते यंत्र घरात कधी आले, असे मी विचारले. २०२१ च्या एप्रिलमध्ये, पतीच्या आजारपणात. ‘९४ च्या खाली गेले की रुग्णालय गाठा’ हे वाक्य तेव्हा घरोघरी पाठ झाले होते, आणि काकूंनी तो आकडा याच यंत्रावर उतरताना पाहिला होता. पती परत आले नाहीत. म्हणून “इतके मोजू नका” असे सांगण्यात मला काहीच अर्थ दिसला नाही.

कोविडच्या वेळचा तो आकडा अचानक आजारी पडलेल्या माणसासाठी होता. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या व्यक्तीचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, आणि काकूंचा विश्रांतीतला आकडा ९० ते ९२ असल्याचे त्यांच्या डॉक्टरांच्या कागदावरही लिहिलेले होते. मुलाचा आकडा ९८ येतो म्हणून आईचाही तितका यावा, यासाठी तो ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणण्याच्या बेतात होता. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करू नये, असे मी त्याला आग्रहाने सांगितले, कारण सीओपीडीच्या काही रुग्णांमध्ये जास्त ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि म्हणूनच अशांना ऑक्सिजन लावतानाही डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात.

मग काकूंनी माझ्यासमोर मोजले. जिना चढून आल्या होत्या आणि हात गार होते. आकडा ८७ आला आणि त्यांचा चेहरा उतरला. पाच मिनिटे शांत बसून, तळवे चोळून, आकडा स्थिरावू दिल्यावर तो ९१ झाला. चालल्यावर ऑक्सिजन खरोखर उतरू शकतो, तो किती उतरतो हे डॉक्टरांना सांगायलाच हवे. पण गार बोटावरचा आकडा भरवशाचा नसतो, आणि चांगल्या यंत्रातही दोन-तीन अंकांचा फरक पडू शकतो.

माझ्या मते खरी गाठ वेगळीच होती. भीती वाटली की श्वास उथळ आणि भरभर होतो, अशा फुप्फुसांत हवा अडकून राहते, धाप वाढते आणि हात पुन्हा यंत्राकडे जातो. ऑक्सिजन नेहमीइतका असूनही धाप लागू शकते, हे काकूंना कुणी सांगितलेच नव्हते. फुंकणीवर ओठ ठेवताना होतात तसे ओठ करून, पण जोर न लावता, श्वास सावकाश सोडण्याचा सराव आम्ही तिथेच केला.

डॉक्टरांशी बोलून ठरले ते असे: सकाळी व संध्याकाळी बसून एकदाच मोजायचे, आणि एरवी धाप नेहमीपेक्षा वाढली तरच. विश्रांतीनंतर पुन्हा मोजूनही आकडा ८८ च्या खाली राहिला, किंवा कफ वाढला वा त्याचा रंग बदलला, तर डॉक्टरांना फोन करायचा. ही मर्यादा काकूंसाठी आहे, प्रत्येकाने आपली आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. ओठ निळसर झाले, गुंगी आली, बोलण्यात गोंधळ होऊ लागला किंवा एक वाक्यही पुरे करता येईना, तर आकडा कितीही असो, थेट रुग्णालयात जायचे. रात्री यंत्र मुलाच्या कपाटात राहील, हे काकूंनीच सुचवले.

दीड महिन्याने त्या वही घेऊन आल्या. बहुतेक पानांवर दोनच आकडे होते आणि शेजारी, “देवळापर्यंत गेले, मध्ये दोनदा थांबले.” एका पानावर मात्र रात्री दीडची नोंद होती. ती पतीच्या श्राद्धाच्या आदल्या रात्रीची होती. त्या दिवशी आम्ही आकड्यांविषयी बोललो नाही. काकू पतीविषयी बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले.