विनाचालक ट्रक येणार असतील, तर आता हेवी लायसन्स काढण्यात अर्थ आहे का?

अमेरिकेत विनाचालक ट्रक धावू लागले, आपल्याकडे विजेवरचे आले, मग धाकट्या भावाने हेवी लायसन्स काढावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. काढावे. आधी सहा वर्षे ट्रेलर चालवून आणि आता अकरा वर्षे न्हावा शेवा ते चाकण कंटेनर वाहतुकीचा धंदा करून मी हे सांगतो आहे.

तुम्ही वाचलेले ट्रक बहुधा ऑरोरा कंपनीचे असतील. 2025 मध्ये ते डॅलस-ह्यूस्टन महामार्गावर चालकाविना सुटले, आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून चालकाच्या आसनावर पुन्हा एक माणूस बसवावा लागला. बंदराबाहेरच्या रांगेत रात्रभर गाडी हातहात पुढे घेणे, सील तपासून घेणे आणि कारखान्याच्या गेटवर कागदांवरून हुज्जत घालणे ही कामे तर त्या ट्रकच्या वाट्याला अजून आलेलीच नाहीत.

विजेच्या ट्रकला मात्र माझा विरोध नाही. मी आणि माझ्या मेव्हण्याने भागीदारीत तशी एक गाडी भाड्याने घेऊन पाहिली होती. चाकणहून निर्यातीचा भरलेला कंटेनर बंदरात न्यायचा म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरणे आलेच. डिझेलच्या गाडीत त्यासाठी खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) यांवर भिस्त असते. विजेच्या गाडीत मोटारच जनित्रासारखी चालून गाडीला रोखते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत घालते. पहिल्या खेपेला घाटाखाली बॅटरी माथ्यापेक्षा 8 टक्के जास्त भरलेली निघाली, तेव्हा आमच्या चालकाने, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, तो आकडा मला फोनवर दोनदा वाचून दाखवला.

पुढच्या खेपेला मेव्हण्याने लोणावळ्याजवळच बॅटरी पूर्ण 100 टक्के भरायला लावली. भरलेल्या पिंपात आणखी पाणी मावत नाही, 80 वर थांबू या, असे मामा म्हणत होते. पण मेव्हणा इंजिनिअर असल्यामुळे त्याने ते ऐकले नाही. उतार लागताच मोटारीचा अडसर जवळजवळ नाहीसा झाला आणि 40 टनांचा भार पायाखालच्या ब्रेकवर आला. मामांनी वेग पार खाली आणला, ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास येताच गाडी कडेला घेतली आणि ब्रेक निवेपर्यंत अर्धा तास ती हलवली नाही. आठवड्याने गाडीतल्या ट्रॅकिंग यंत्राचा अहवाल आला : तीव्र ब्रेकिंग 14 वेळा, विनापरवानगी थांबा एक. त्या अहवालावरून मेव्हण्याने मामांच्या पगारातून दीड हजार रुपये कापले. यंत्र खोटे बोलत नाही, असे त्याचे म्हणणे होते. खोटे बोलले नसेल, पण ब्रेक का दाबला हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. पैसे मी माझ्या खिशातून भरून दिले, आणि तेव्हापासून आमच्या दोघांत फक्त हिशेबापुरते बोलणे उरले आहे.

चालकाची नोकरी यंत्र घेईल ही भीती मला अनाठायी वाटते. चालकाचा न्याय यंत्राकडे गेला आहे, ते मला जास्त खुपते.

सगळ्या गाड्या अशा नसतात, हेही सांगायला हवे. काहींत बॅटरीची शेवटची थोडी जागा उतारासाठी रिकामी राखून ठेवतात. शिवाय पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकला 9.6 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे माझ्यासारख्या दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे ही वाहने सावकाशच येतील. तोवर भावाने घाटाचा सराव डिझेलवरच करावा. नोकरी धरताना मात्र ब्रेकिंगचा अहवाल चालकाला दाखवून त्याचे म्हणणे लिहून घेतात का, हे पगाराच्या आधी विचारावे.

मेव्हणा हे वाचत असेल, तर ते दीड हजार माझ्या वहीत अजून त्याच्याच नावावर आहेत.