सहलीचा इसार आणि साठावा दिवस

आपण कळवले आहे की, कौटुंबिक सहलीच्या एकूण रकमेपैकी 20 टक्के इसार भरला आहे, निघायला 72 दिवस उरले आहेत आणि आईंच्या शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टर तीन आठवड्यांनी देणार आहेत. आता रद्द केल्यास इसार बुडेल, म्हणून तोवर थांबावे का, असे आपण विचारता.

इसार बुडाल्याची हळहळ मी समजू शकतो. परंतु ती रक्कम गेली असे धरूनच पुढचा हिशेब मांडावा. आपण पाठवलेल्या अटींनुसार 60 दिवसांआधी रद्द केल्यास 20 टक्के, 60 ते 30 दिवसांत 50 टक्के आणि त्यानंतर सगळीच रक्कम कापली जाते. डॉक्टरांचा निर्णय येईल तेव्हा 51 दिवस उरलेले असतील, बाकीचे 80 टक्केही भरून झालेले असतील आणि रद्द करावे लागल्यास निम्मेच पैसे परत मिळतील. म्हणजे आज 20 टक्क्यांचे नुकसान निश्चित आहे, तर थांबल्यास ते शून्य तरी होईल किंवा 50 टक्के तरी. सहलीला जाता येण्याची शक्यता 60 टक्क्यांहून अधिक असेल, तरच थांबणे परवडते. आपल्या पत्रावरून मला ती तेवढी वाटत नाही.

उरलेली रक्कम भरलीच नाही तर करार आपोआप मिटेल, हा आपला समज मात्र घातक आहे. त्याच अटींतल्या बारीक अक्षरांतल्या कलमानुसार मुदतीत पैसे न भरणे म्हणजे ग्राहकाने सहल रद्द करणे, आणि कपात इसारापेक्षा जास्त झाली तर फरकाची रक्कम आपल्याकडून वसूल करता येते. आता विमा काढूनही बहुधा उपयोग होणार नाही, कारण आधीपासून ठाऊक असलेले कारण त्यात सहसा धरले जात नाही.

60 दिवसांआधी 5 टक्के शुल्क भरून एकदा तारीख बदलण्याची सवलत अटींमध्ये आहे. माझ्या मते प्रथम तीच मागावी. कपातीचे टप्पे नव्या तारखेपासून मोजले जातील, हे मात्र लेखी घ्यावे, नाहीतर शुल्क भरूनही आपण आज आहात तिथेच राहाल. आठवडाभरात होकार आला नाही, तर 62 दिवस उरलेले असतानाच ईमेलने सहल रद्द करून पोच मागावी. आपल्या जागा दुसऱ्या कुणाला विकल्या गेल्यास कंपनीचे प्रत्यक्ष नुकसान तेवढे कमी होते, म्हणून त्या प्रमाणात इसार परत करण्याची विनंतीही त्याच ईमेलमध्ये करावी.