बाटल्यांच्या टोपणांपुढे डोळे भरून आले

'ताई, बहिणीबरोबर कलासंग्रहालयात गेले होते. एका दालनात भिंतभर सोनेरी-लाल पडदा लटकत होता. जवळ गेले तर ती दारूच्या बाटल्यांची टोपणं! माझे डोळे भरून आले. बहीण म्हणाली, "भंगार बघून कोणी रडतं का?" फोटो काढला, पण त्यात नुसती चकाकी आली. पाटीवर एल अनात्सुई असं नाव होतं. मला कलेतलं काही कळत नाही. पुन्हा जाऊ का?'

जरूर जा, आणि या वेळी एकटीच जा. कळत नाही असं का म्हणता? लांबून रेशमी वस्त्र आणि जवळून टोपणं, हाच तर त्या कामाचा गाभा आहे. तो तुम्हाला कुणी न सांगता दिसला.

अनात्सुई यांचा जन्म 1944 सालचा, घानातला. नायजेरियात न्सुक्का इथल्या विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. ॲल्युमिनियमची टोपणं आणि बाटलीच्या गळ्याच्या पट्ट्या चपट्या करायच्या, दुमडायच्या, भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकींना बांधायच्या. हजारो तुकडे, आणि मदतीला बरेच हात. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत आणलेली दारू आणि तिच्याशी जोडलेला गुलामांचा व्यापार त्या टोपणांत आहे. 2015 मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनानं त्यांना जीवनगौरवाचा 'सुवर्णसिंह' पुरस्कार दिला. मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: चुण्या कशा पाडायच्या हे ते ठरवून देत नाहीत, टांगणाऱ्यांवर सोडतात. त्यामुळे तुमचा फसलेला फोटो पुसू नका. तेच काम पुढे वेगळंच दिसू शकतं.

जाण्याआधी फोन करून ते अजून लावलेलं आहे का, विचारा. समकालीन कामं बऱ्याचदा गोदामात परत जातात. पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं पाटी वाचू नका. सहा-सात मीटरवरून सुरुवात करा, मग निम्म्यावर या, मग जवळ जाण्याची हद्द दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेषेपर्यंत. बाजूला उभं राहून भिंतीवरच्या सावल्याही बघा, त्या समोरून दिसत नाहीत. हात लावायचा नाही, घामानं धातू काळवंडतो.

चकाकी आली ती बहुतेक फ्लॅशमुळे. तो बंद ठेवा, तसाही बऱ्याच संग्रहालयांत चालत नाही. एक फोटो तिरका घ्या म्हणजे चुण्या उठून दिसतील, एक चार-पाच टोपणांचा, आणि लगेच पाटीचा, म्हणजे घरी गेल्यावर नावांचा घोळ होत नाही. पाटीवर साल, माध्यम आणि मापं असतात; मापांत सहसा उंची आधी, मग रुंदी. 'माध्यम', म्हणजे काम कशाचं बनलंय, ही ओळ कधी चुकवू नका.

त्या दिवशी इतर दालनं सोडून द्या. दीड तासानंतर डोळे थकतात आणि सगळंच सारखं दिसू लागतं.

बहिणीशी वाद नको. तिला नंतर घेऊन जा, पण आधी टोपणांजवळ उभी करा आणि मग हळूहळू मागे चालायला सांगा. मागे कुणी नाही ना, तेवढं तुम्ही बघा.