फरक फक्त लंगोटाच्या घडीत

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज नातीने वाचून दाखवला. फोनवर एवढं टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून वहीच्या कागदावर लिहिते आहे. ती फोटो काढून पाठवेल. श्रावणात बाळ येणार म्हणजे हाताशी दोन महिने आहेत. तुम्ही दोघं चार दुकानं फिरलात आणि एका भिंतीला सगळं गुलाबी, दुसऱ्या भिंतीला सगळं निळं बघून रिकाम्या हाताने परतलात, हे ऐकून हसू आलं. 'जेंडर-न्यूट्रल' हा तुझा शब्द नातीकडून समजून घ्यावा लागला. मुलगा असो की मुलगी, कुणालाही चालतील असे बाळाचे कपडे, हे समजल्यावर म्हटलं, अगं बाई, म्हणजे झबलंच की!

चाळीस वर्षं मी तेच शिवलं. तुळशीबागेत माझा माल जायचा, डझनाच्या हिशेबाने. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. एकाही दुकानदाराने मला कधी "मुलाची किती, मुलीची किती" असं विचारलं नाही, कारण तसा प्रकारच नव्हता. बाळंतविडा शिवून द्यायचा तो बाळ व्हायच्या आधी, आणि पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक? शिवाय बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, असा जुन्या बायकांचा दंडक. शेजारच्या धडधाकट पोराचं धुऊन मऊ झालेलं झबलं मागून आणायचं आणि तेच पहिलं घालायचं. ते पोर मुलगा की मुलगी, हे बघत नसत. बाळसं चांगलं धरलं होतं की नाही, एवढंच बघत.

मध्ये काही वर्षं मात्र वेगळी गेली. ती तुला माहीत नसतील. पोटातल्या बाळाची तपासणी करून लोक यायला लागले आणि आधीच "मुलाचं दाखवा" म्हणायला लागले. पेढे वाटल्यासारखे चेहरे असायचे. मुलगी आहे असं कळून कुणी आधी कपडे शिवायला आल्याचं मला आठवत नाही. १९८८ साली महाराष्ट्राने त्या चाचणीविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. मग १९९४ साली दिल्लीने देशभरासाठी केला. आज तुला डॉक्टर सांगत नाहीत ते त्यामुळे. तेव्हा बाळाच्या आधी जे काही घेशील ते कुणालाही चालेल असंच घ्यावं लागणार. गुलाबी-निळ्याची भिंत ही डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी धावत येणाऱ्या आत्या-मावश्यांसाठी आहे. तिकडे तू आत्ता कशाला बघतोस?

आता कामाचं. रंग नंतर, आधी कट.

नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर, छातीचा त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. मोठ्या माणसाचा टी-शर्ट लहान करून विकणाऱ्यांना हे कळत नाही. गळा अंगाच्या मापाने काढतात, तो डोक्यात अडकतो, बाळ रडतं, आणि नवा बाप घाबरून घामाघूम होतो. झबलं समोरून किंवा पाठीमागून पूर्ण उघडं असतं ते यासाठी. बाळाला त्यावर निजवायचं, हात एकेक करून घालायचे, बंद बांधायचे, झालं. अंगरख्यासारखं एकावर एक येणारं मिळालं तर तेच घे. नाळ पडेपर्यंत बेंबीवर काही दाबलं जात नाही. माझ्याकडे एकदा एका शिकाऊ मुलीने विचारलं होतं, डावी बाजू वर घेऊ की उजवी, कारण गड्यांच्या शर्टाची बटणं उजव्या अंगाला आणि बायकांची डाव्या. तिला म्हटलं, ज्या बाजूचं कापड पुरेल ती वर घे.

बंद बोटभर लांब हवेत, जास्त नाही, आणि गळ्याशी नाडी ओवलेलं काहीही नको. टिचबटणं चालतील, पण ओढून बघ. निघालं तर ते बाळाच्या तोंडात जाणार. शिवण बाहेरच्या बाजूला असेल तर उत्तम, आतली शिवण काखेत घासते. मानेवरचं लेबल घरी आणल्या आणल्या उसवून टाक. हातमोजे-पायमोजे घालणारच असाल तर घालण्याआधी उलटे करून बघायचे. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोट सुजून काळं पडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. मी स्वतः एका बाळाचा असा धागा भिंगाखाली कापलाय. लेस, जर, टिकल्या यांच्याबद्दल वेगळं लिहीत नाही, तू माझ्याकडे शिकलायस.

कापड मलमलच. खादी भांडारात मिळते. पहिल्या धुण्यात खळ जाते, तिसऱ्या-चौथ्या धुण्यात ती खरी मऊ होते, म्हणून आत्ताच घेऊन धुवायला काढ. होजिअरीही वाईट नाही. पण चुरगळतच नाही असं जे कापड असतं, ते बाळाच्या अंगाला नको. त्याला तसं ठेवायला पुष्कळदा काहीतरी लावलेलं असतं.

आणि रंग. तू पाठवलेल्या फोटोंत 'न्यूट्रल' म्हणून जे होतं ते सगळं राखाडी आणि चहात पडलेल्या पावासारखं. किंमत मात्र गुलाबीच्या दीडपट. अरे, बाळाला काय बँकेत नोकरीला लावायचंय? पहिला आठवडा पांढरं घे, आणि त्याला कारण आहे. पहिले दोन दिवस शी काळी-हिरवी डांबरासारखी होते, मग हिरवट, मग चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. दूध पोटात जातंय याची ती खूण. पांढऱ्या लंगोटावर हे सगळं स्वच्छ दिसतं. लघवीचंही तसंच, आठवडाभराच्या बाळाने दिवसाला सहा तरी लंगोट ओले करायला हवेत, ते मोजायचे. पिवळं झबलं मात्र त्या आठवड्यात टाळ. पुष्कळ बाळांना थोडी कावीळ होते, आणि मग कातडी पिवळी दिसते की झबल्यामुळे तशी वाटते, यावर घरात वाद होतात. दहा-पंधरा दिवसांनी वाटेल ते रंग आण. लाल, पोपटी, जांभळा, केशरी. आजीच्या इरकलीचे काठ झबल्याला लावलेले काय सुंदर दिसतात! पहिल्या संक्रांतीला तर सगळी बाळं काळ्यात असतात, वर हलव्याचे दागिने. आपल्याकडचा तो सगळ्यात न्यूट्रल दिवस म्हण हवं तर.

मुलगा-मुलगी हा फरक माझ्या सगळ्या धंद्यात एकाच ठिकाणी आला, लंगोटाच्या घडीत. मुलगा असेल तर कापडाची जाड घडी पुढे यायला हवी, मुलगी असेल तर मध्ये आणि थोडी मागे. ओल जिथे येते तिथे कापड. शिवण तीच, माप तेच, चौकोनी तुकडा तोच. दोन्ही घड्या आत्ताच उशीवर घालून शिकून ठेव. उशी लाथा मारत नाही, एवढंच तिचं चुकतं.

जुने कपडे मागायला लाजू नकोस. तुझ्या बहिणीच्या मुलीची झबली नक्की कुठल्यातरी ट्रंकेत आहेत. पण एक गोष्ट नीट वाच. त्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर कपडे बाळाला तसे घालायचे नाहीत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, आणि अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात, कावीळ भराभर वाढते. माझ्या एका गिऱ्हाइक बालरोगतज्ज्ञांनी हे मला दुकानात उभं राहून सांगितलं होतं, आणि त्या दिवशी मी माझ्या कपाटातल्या सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. कपडे नुसते वाऱ्यावर टाकून भागत नाही. धू, उन्हात घाल, परत धू. वास राहिला तर त्याची फडकी कर. पुढे ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

तू विचारलंस, लोक गुलाबी-निळं आणतीलच, त्यांना काय सांगायचं. काही सांगू नकोस. घाल. तुझ्या सासूबाईंनी हौसेने गुलाबी झालरीचा फ्रॉक आणला तर एक फोटो काढ, त्यांना दाखव, मग झालर टोचते म्हणून काढून ठेव. बाळाला रंग कळत नाही. तुमचा हट्ट कापडाशी असू दे, माणसांशी नको. हा हट्ट धरावा असं ठिकाण निराळं आहे, ते सांगते. माझ्या दुकानात बाळ झाल्यावर लोक परत यायचे. मुलगा झाला की "रेशमी कुंची दाखवा, खणाची दाखवा, दोन घेऊ." मुलगी झाली की "साधंच दाखवा, मुलगीच आहे." झबलं तेच असायचं, पैसे काढणारा हात बदललेला असायचा. गुलाबी रंगाने मला कधी दुखवलं नाही. त्या 'मुलगीच'मधल्या 'च'ने दर वेळी दुखवलं. दोन-तीनदा मी खणाची कुंची साध्या कुंचीच्या भावात देऊन टाकली. नवरा रागावला होता.

किती घ्यायचं? कमी. बाळ पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट वजनाचं होतं, पहिली झबली जेमतेम दीड महिना पुरतात. आठ-दहा झबली, चार टोपडी, सहा दुपटी. लंगोट मात्र तीन डझन, कारण श्रावणात पुण्यात काही वाळत नाही. गॅलरीत विसंबू नकोस, पंख्याखाली दोरी बांध, आणि दमट लंगोट इस्त्री फिरवल्याशिवाय बांधायचा नाही. टोपडं बाहेर जाताना आणि न्हाऊ घातल्यावर. घरात दार-खिडकी बंद करून वर टोपडं, मोजे, दुपटं असं गुंडाळलेलं पोर उकाड्याने हैराण होतं. मान घामेजली का बघायचं, पोटाला हात लावून बघायचं. हातपाय गार असले तरी पोट कोमट असेल तर बाळाला थंडी वाजत नाहीये. हे तुझ्या आईला पटणार नाही. तिच्याशी मी बोलेन.

बाकी विकत काय शोधतोस? ३६ इंच पन्ह्याची मलमल असली तर एका मीटरमध्ये दोन झबली बसतात. रुंदी बाह्यांसकट १८ इंच, लांबी ११, शिवणीला थोडं, आणि उरलेल्या पट्टीत दोन टोपडी निघतात. पाच मीटर घेऊन धुऊन रविवारी ये. मशीनला तेल घालून ठेवते. कात्री मात्र तुझी आण, माझी तू मागच्या वेळी कागदावर चालवली होतीस.

तुझी,
शिवणवाली काकू