आवतण

चि. नील,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर आजोबा पवळ्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तू विचारलंस, "बाबा, बैलाला कुठे कळतं? मग सांगायचं कशाला?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदशेकणी असते. जू टेकून टेकून बैलाच्या मानेवरची कातडी राठ होते, केस झडतात. आजोबा नेमकं तिथेच हळद-तूप चोळत होते. रंगवलेली शिंगं, झूल, पुरणपोळी हे सगळं दुसऱ्या दिवशी. आधी खांदा.

आता अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या क्लीव्हलंड ब्राउन्स टीमचा जो थॉमस आठव. ७३ नंबर, लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा गडी, उजव्या हाताने फेकायला वळला की डावीकडून कोण अंगावर येतंय हे त्याला दिसत नाही. त्याला थोपवायचं, हे थॉमसचं काम. बॉलला हात लावायचा नाही. २००७ च्या पहिल्या सामन्यापासून सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे बॉल टाकून सुरू होणारे डाव, तो खेळला, मध्ये एकही न चुकवता. किती क्वार्टरबॅक आले नि गेले. २०१६ मध्ये तर टीम सोळांतला एकच सामना जिंकली. अकरा वर्षांत प्लेऑफ एकदाही नाही. २२ ऑक्टोबर २०१७ ला दंडाचा स्नायू फाटला, तेव्हाच तो बाहेर बसला.

कॅमेरा बॉलमागे पळतो, मीही तसंच बघायचो. एकदा मुद्दाम फक्त ७३ वर नजर ठेवली. मागे सरकत, हात पुढे करून धक्के झेलत होता. पास पूर्ण झाला, लोक ओरडले, आणि हा गडी आपल्या जागी जाऊन पुन्हा वाकला!

२०२३ मध्ये कॅन्टनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला मान मिळाला. त्याआधीच क्लीव्हलंडच्या स्टेडियममध्ये त्याच्या नावासोबत १०,३६३ हा आकडा लागला होता. त्याचा खांदाच तो, लोकांनी ओळखलेला.

आणि एक गोष्ट तुझ्या कानातून निसटली असेल. वर्षभर आजोबा पवळ्याला "चल रे", "हो रे" करतात, कधी शिवीही हासडतात. काल मात्र "घ्या" म्हणाले, "या" म्हणाले, घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. पवळ्याला कळो न कळो, आजोबांच्या तोंडून ते निघायला हवं असतं.

संध्याकाळी त्यांचा फोन येईल. पवळ्याची चौकशी तू कर. आणि आजच्या दिवस "जेवला का" नको, "जेवले का" असं विचार.

तुझा,
बाबा